कॅमेरा आला, आता प्रकाश शिकायचा

गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीत, रस्त्याकडेच्या खोलीच्या लाकडी खिडक्या भर दुपारी घट्ट लावून घ्याव्यात. जुन्या लाकडातली गाठ निखळून पडलेली असते, त्या जागी बोटाच्या पेराएवढं भोक राहिलेलं असतं. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर काहीतरी हलताना जाणवतं. निरखून पाहिलं की कळतं, हा खालचा रस्ता आहे, आणि तो उलटा आहे. टॅक्सीचं छत खाली, चाकं वर. माणसं डोकं खाली करून चाललेली. पलीकडच्या चाळीच्या कठड्यावर वाळत घातलेली लाल साडी भिंतीवरही लालच असते आणि वाऱ्याची झुळूक आली की तीही हलते. खोलीत भिंग नाही, वीज नाही, यंत्र तर नाहीच. प्रकाश सरळ रेषेत जातो, एवढ्या एकाच गोष्टीवर हे सगळं घडतं. उंचावरून आलेला किरण भोकातून तिरका खाली उतरतो, खालून आलेला वर चढतो, आणि सबंध रस्ता आपणहून भिंतीवर चितारला जातो.

कॅमेरा म्हणजे हीच अंधारी खोली, हातात मावेल एवढी केलेली. चित्र काढण्याचं काम प्रकाश स्वतःच करतो. मग फोटोग्राफर करतो काय? नवा कॅमेरा घेतलेल्याला हा प्रश्न पहिली हौस ओसरल्यावर पडतोच. फोटो स्वच्छ आलेले असतात, रंग झकास असतात, आणि तरीही उभं राहून जे पाहिलं होतं ते त्यात कुठेच नसतं. ते फोटोत कसं आणायचं, हे शिकता येतं. आणि मला फार नवल वाटतं ते याचं की हे शिकण्याचा आपल्याकडचा सर्वांत सुंदर धडा दादरच्या एका घरात गिरवला गेला, तोही एका वाटाण्याच्या दाण्यावर.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकत होते. १८९२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी केलेल्या नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळालं आणि त्यांच्या कलेवर लुब्ध झालेल्या एका चाहत्याने त्यांना चांगला महागडा कॅमेरा भेट दिला. म्हणजे कॅमेऱ्याचे मालक ते विशी-बाविशीतच झाले. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी त्यांना रतलामला पाठवलं. तिथे ते तिरंगी ब्लॉक, छपाई, अंधाऱ्या खोलीतली कामं शिकले. पुढे फोटोचा व्यवसाय थाटला, तो चालला नाही. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो, अशी लोकांची समजूत होती. मग पुरातत्त्व खात्यातली नोकरी झाली, छापखाना झाला, तोही सुटला. १९११ मध्ये गिरगावात एका तंबूतल्या सिनेमागृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात कृष्ण, राम हलू लागले. त्यानंतर रात्रंदिवस चित्रपट बघून आणि प्रयोग करून त्यांच्या डोळ्यांवर एवढा ताण आला की दृष्टी जायची वेळ आली. उपचार झाले, दृष्टी वाचली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा नक्की केला, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं आणि एप्रिलमध्ये परत आले.

कॅमेरा मागाहून बोटीने आला. आता घरात उत्तम यंत्र आहे, डोक्यात राजा हरिश्चंद्रावरचा चित्रपट आहे, पण पैसा द्यायला कुणी तयार नाही. अशा वेळी या माणसाने काय करावं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. रुजवा, कोंब, पानं, वेल. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ हे या फिल्मचं नाव. ती पाहून पैसे देणारा भेटला.

ही गोष्ट आपण भांडवल उभारण्याची युक्ती म्हणून सांगतो. मला ती शिकण्याची पद्धत म्हणून जास्त मोठी वाटते. सेकंदाला १६ चित्रं धरली तर एका मिनिटाला ९६० चित्रं लागतात. इतक्या वेळा तेच झाड, तीच चौकट. कॅमेरा केसभरही हलला तर पडद्यावर झाड उडी मारणार. आज ऊन, उद्या मळभ, सकाळी एका बाजूने उजेड, दुपारी दुसऱ्या, आणि वेल तर एकसलग वाढताना दिसली पाहिजे. विषय साधा, हलत नाही, मानधन मागत नाही, म्हणून सगळं लक्ष प्रकाशावर आणि हातावर. ज्याला कॅमेरा शिकायचा आहे त्याने हिमालयात जाण्याआधी घरातल्या तुळशीसमोर महिनाभर बसावं, असं मी आग्रहाने सांगेन.

दादर मेन रोडवर, म्हणजे आजच्या दादासाहेब फाळके मार्गावर, मथुरा भवन नावाच्या बंगल्यात हे कुटुंब राहत होतं. या कहाणीत सरस्वतीबाई फाळके यांना मी बरोबरीचं स्थान देतो. तेव्हा कोरी फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं यंत्राने, अंधारात, हाताच्या अंदाजाने पाडावी लागत. त्या ते शिकल्या. रसायनं मिसळणं, फिल्म धुणं शिकल्या. आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, नटांच्या चेहऱ्यावरच्या सावल्या उजळाव्यात म्हणून. ही चादर आजही तितकीच कामाची आहे. दुपारी डोक्यावरच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्याला चुन्याने रंगवलेल्या भिंतीसमोर, तिच्याकडे तोंड करून उभं केलं की भिंतच चादरीचं काम करते आणि डोळे उजळतात. कॅमेरा चालवायला फाळक्यांनी घेतलं ते त्र्यंबक तेलंग या बालमित्राला. तेलंगांना साध्या फोटोग्राफीची जुजबी माहिती होती, चलच्चित्राचा कॅमेरा फाळक्यांनी शिकवला. ३ मे १९१३ रोजी गिरगावात सँडहर्स्ट रोडच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा कॅमेऱ्यामागे हेच तेलंग होते.

त्याही आधी सावेदादांनी म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी हाच रस्ता तुडवला होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईने पाहिली. सावेदादांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती टिपली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. बोटीने जाणार, धुऊन होणार, बोटीने परत येणार. आपण काय टिपलं ते कळायला इतका काळ! अशा माणसाला बटण दाबण्याआधीच चित्र मनात पुरतं तयार ठेवावं लागतं. आपल्याला आज पडद्यावर तत्क्षणी दिसतं, ही केवढी मोठी सोय आहे. मात्र तिचा उपयोग ‘छान आलाय’ म्हणण्यापुरता करायचा, की ‘असाच का आला’ हे तपासायला, यावर पुढची सगळी प्रगती ठरते.

‘असाच का आला’ हे तपासायला दादरच्या फुलबाजारासारखी शाळा नाही. स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे अंधारातच बाजार भरलेला असतो. ताडपत्रीवर झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटाखाली मोगरा, शेवंतीच्या पाट्या, गुलछडीच्या जुड्या, डोक्यावर बोचकी घेऊन ‘बाजू, बाजू’ ओरडत जाणारे हमाल, आणि प्रत्येक गाळ्यावर वायरला लोंबणारा एक दिवा.

पहिल्यांदा मोगऱ्याचा फोटो घ्यावा, चौकट काठोकाठ मोगऱ्याने भरून. डोळ्यांना शुभ्र दिसणारी फुलं फोटोत मळकट, राखाडी येतात. याचं कारण भन्नाट आहे. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते ठाऊक नसतं, त्याला फक्त परत आलेला प्रकाश मोजता येतो. म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला एक गृहीत शिकवून ठेवलंय की जगातल्या वस्तू सरासरीने मध्यम करड्या असतात, पडलेल्या प्रकाशातला सुमारे १८ टक्के परत पाठवतात. मोगरा त्याच्या कितीतरी पट परत पाठवतो. कॅमेरा समजतो, उजेड फार झाला, आणि चित्र काळवंडवतो. काळ्या घोंगडीवर याच्या उलट होतं, ती करडी, विटकी दिसते. आताचे कॅमेरे चलाख झालेत, चेहरे ओळखतात, पण पांढऱ्याने चौकट भरली की जुनी सवय वर येतेच. उपाय सोपा. अधिक-उण्याच्या खुणेची कळ असते, मोगऱ्यासाठी ती एक-दीड घर अधिककडे सरकवायची. फुलं पुन्हा पांढरी होतात. यंत्राचं गृहीत कुठे चुकतं हे ज्याला कळलं, त्याने फोटोग्राफीचा पहिला उंबरठा ओलांडला असं मी मानतो.

मग झेंडू. इथे उलटीच गंमत. ढीग डोळ्यांना भरजरी दिसतो, फोटोत नुसता नारिंगी डाग. पाकळ्यांच्या चुण्या गेल्या कुठे? कॅमेऱ्यातला सेन्सर प्रकाश तीन भागांत मोजतो, लाल, हिरवा, निळा. झेंडू लाल प्रकाश धो धो परत पाठवतो, निळा जवळजवळ नाहीच. लाल मोजणारे ठिपके शिगोशीग भरून जातात, बाकीचे अर्धे रिकामे. सरासरी काढणाऱ्या यंत्राला सगळं आलबेल वाटतं. भरून गेलेल्या ठिपक्याला पाकळीची उजळ कड आणि तिच्या शेजारची सावली यांतला फरक सांगता येत नाही, म्हणून चुणी नाहीशी होते. एक्स्पोजर थोडं उणं करून घेतलं की पाकळी पाकळी सुटी दिसते, उजळपणा मागाहून वाढवता येतो. एकाच बाजारात दोन हातांवर दोन ढीग, एकाला अधिक हवं, दुसऱ्याला उणं.

आणि तो लोंबणारा दिवा. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. फुलवाल्या मावशी दिव्यापासून दोन हातांवर बसलेल्या, गिऱ्हाईक चार हातांवर उभं. मावशींचा चेहरा नीट आला तर गिऱ्हाईक काळोखात, गिऱ्हाईक नीट आलं तर मावशींच्या कपाळावर पांढरा पट्टा. आता जरा थांबावं. गिऱ्हाईक शेवंती हातात घेऊन बघायला खाली वाकतं, तोंड दिव्याजवळ येतं, आणि त्या एका क्षणात त्याच्यावरचा प्रकाश चौपट होतो. दोन्ही चेहरे, मधली फुलं, भाव करणारा हात, सगळं एका उजेडात. मुरलेले फोटोग्राफर त्या वाकण्याची वाट बघत उभे असतात. बघणाऱ्याला वाटतं, काय नशीब आहे याचं!

भिंगातून प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे आकडे मात्र लोकांना उगाच घाबरवतात. १.४, २, २.८, ४, ५.६, ८. प्रत्येक पुढच्या आकड्याला छिद्राचं क्षेत्रफळ निम्मं होतं, एवढंच. परळ-लालबागच्या गणपती कारखान्यात त्याचा अर्थ लख्ख दिसतो. मूर्तिकार डोळ्यांची आखणी करत असतो, श्वास रोखून. १.८ वर जवळून घेतलं तर कुंचल्याचं टोक आणि बुबुळ रेखीव, कानापासून पुढे सगळं विरघळलेलं. ८ वर घेतलं तर मागे ओळीने उभ्या असलेल्या अर्ध्या रंगवलेल्या मूर्तीही गोष्टीत येतात. यातलं कुठलं बरोबर, हे पुस्तक सांगू शकत नाही. मूर्तिकार ‘पूर्ण होईपर्यंत फोटो नको’ म्हणाला, तर तेही ऐकायचं असतं. तिथे आधी परवानगी, मग कॅमेरा.

लालबागच्या मंडपात वेगळंच कोडं भेटतं. डोळ्यांना झगझगीत, एकसारखी रोषणाई, आणि फोटोत मूर्तीवर आडवे काळपट पट्टे. कॅमेरा बिघडला असं वाटून लोक दुकानात धाव घेतात. बिघडलेलं काहीच नसतं. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. साधे एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण मोबाइल आणि बरेच कॅमेरे चित्र एका झटक्यात न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचतात. शटर, म्हणजे प्रकाश आत येऊ देणारी झडप, सेकंदाचा हजारावा भागच उघडी असेल तर काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. तेच पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला लुकलुकीचं पूर्ण आवर्तन येतं आणि पट्टे बहुतेक वेळा गायब होतात. डोळ्यांसमोर आयुष्यभर चाललेली ही थरथर, आपल्याला तिचा पत्ता कॅमेऱ्याच्या एका ‘चुकी’मुळे लागावा, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

वेळेचा हा खेळ गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत उघड दिसतो. ढोलाचं टिपरू सेकंदाला पाच मीटर वेगाने खाली येतंय असं धरा. १/१००० सेकंदात ते पाच मिलिमीटर सरकतं, फोटोत हवेत थिजलेलं दिसतं. १/३० सेकंदात ते जवळपास १७ सेंटिमीटर सरकतं, म्हणजे हाताची नुसती झळाळी उरते. नऊवारीतली वादक मुलगी क्षणभर मान स्थिर ठेवते तेव्हा १/३० ने घेतलं, तर चेहरा स्पष्ट आणि हात ढोलावर वितळलेले. आवाजाचा फोटो काढायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. मात्र हे आकडे तिथे आठवत बसायला सवड नसते. तबलजी जसा बोटांकडे बघत नाही, तशी कळ आंधळेपणाने फिरली पाहिजे, आणि ती तशी फिरते फक्त रोजच्या हाताळण्याने.

म्हणून नवशिक्याला माझं सांगणं असतं की एकच भिंग घ्या आणि एकच गल्ली घ्या. खोताची वाडी घ्या, परळची एखादी चाळ घ्या, आणि वर्षभर तिथेच जात राहा. कारण गल्ली तीच राहिली तरी सूर्य तिथे रोज वेगळा येतो. मुंबई १९ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर मध्यान्हीही सूर्य दक्षिणेला कलून ४७-४८ अंशांवरच असतो, सावल्या लांब, भिंतींचा पोत उठून दिसतो. जूनमध्ये तो डोक्यावरून पलीकडे जातो आणि चक्क उत्तरेकडून येतो. जी भिंत हिवाळाभर सावलीत काळवंडून उभी होती तिच्या सज्जाच्या कोरीव लाकडावर तेव्हा ऊन घसरत जातं. मधे दोन दिवस, १५-१६ मे आणि २७-२८ जुलैच्या सुमारास, तो बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. तेही घड्याळाच्या बाराला नाही. आपली प्रमाणवेळ मुंबईच्या बऱ्याच पूर्वेच्या रेखांशावर ठरलेली असल्याने इथला मध्यान्ह मे महिन्यात साडेबाराच्या थोडा पुढे आणि जुलैअखेरीस पाऊणच्या सुमारास होतो. मग पावसाळा. ढग लागले की सबंध आकाशच दिवा होतं, सावल्यांना कड उरत नाही, आणि माणसांचे चेहरे टिपायला याहून दयाळू प्रकाश नाही. ‘आज ऊन नाही’ म्हणून कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्यांना हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

एवढं सगळं आल्यावरही एक गोष्ट उरते, माणसासमोर उभं राहण्याची. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकलेले, जाहिरातीच्या जगातून आलेले. त्यांचं ‘चेहरे’ हे पुस्तक चाळताना जाणवतं की समोरच्याला मोकळं करणं हेही प्रकाशयोजनेइतकंच मुरलेलं कसब आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं आयुष्य कृष्णधवल चित्रांत मांडलं, गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याची गाडी, आणि त्यांचं घरही. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशी चित्रं लांबून, लांब भिंगाने, एका फेरीत मिळत नाहीत. त्या माणसांनी आपल्याला घरात घ्यावं लागतं.

फुलबाजारात त्याची सुरुवात अगदी साधी होते. ज्यांचा फोटो घेतला त्यांच्यासाठी पुढच्या खेपेला तो ४ बाय ६ इंचांवर छापून न्यायचा. ‘आमचा फोटो?’ म्हणून मावशी तो आधी शेजारच्या गाळ्यावर दाखवतात, मग दिव्याखाली धरून स्वतः बघतात. नंतर त्याच सांगतात, घाटावरची गाडी किती वाजता लागते, मोगऱ्याची बोचकी कुठे सोडतात, आणि दिवे मालवून सगळा बाजार उघड्या आभाळाच्या उजेडात येतो तो नेमका कितीच्या सुमाराला.